दोन खोल्या, व्हॅलेटा

कार्ल्सरूहे
८ मे २०१६

प्रिय क्रांती,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या रेघा उमटतात आणि त्यापुढं काहीच येत नाही. म्हणून कागद घेतला. बंद पाकीट तू फोडल्याशिवाय राहायची नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

इथं जर्मनीत सुयश आणि यामिनी बरे आहेत. इथला मुख्य रस्ता अजून खणलेलाच आहे. ट्राम जमिनीखालून न्यायची म्हणे. मागच्या वर्षी मी आले तेव्हाही असाच होता. सुयश म्हणतो, "आई, तुझा पुढचा व्हिसा होईल, पण हे काम होणार नाही."

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यात मी माल्टाला चालले आहे. इटलीच्या बुटाखाली सिसिली आणि सिसिलीच्याही खाली शाईचा ठिपका सांडल्यासारखं ते बेट आहे. व्हॅलेटा ही त्याची राजधानी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सगळी नोकरी भूमध्य सागरी हवामान शिकवण्यात घालवली. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मग तिथले लोक पावसाळा कशाला म्हणतात?" मी तिला खाली बस म्हटलं होतं, कारण मलाच माहीत नव्हतं. आता जाऊन बघते.

सोबत दिनकरराव आगाशे आहेत.

हे वाक्य मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. त्यांच्याबद्दल फोनवर सांगायला लागले तर तू आडनाव विचारलंस, ऐकलंस आणि फोन ठेवलास. राहिलेलं सांगते. ते पुण्याच्या हवामान खात्यातून निवृत्त झाले. पत्नी सुधाताई कॅन्सरनं गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी निधी सुयशच्या ऑफिसात आहे. तेही माझ्यासारखेच, तीन महिन्यांच्या व्हिसावर येणारे आणि मुलं कामावर गेली की राजवाड्यामागच्या बागेत जाऊन बसणारे. आमची ओळख तिथलीच. मी आकाशाकडे बघून "आज पाऊस येईल" म्हटलं. शेजारच्या बाकावरून मराठीत उत्तर आलं, "नाही येणार." आणि अर्ध्या तासात आम्ही दोघंही भिजलो.

मागच्या महिन्यात त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. हे तू मला आठवण करून द्यायची गरज नाही, क्रांती. रोज सकाळी चहा टाकताना माझा हात अजून दोन कपांचंच दूध काढतो.

माणूस आपल्या घरात चांगलाच वागतो. अनोळखी गावात, रस्ता चुकल्यावर, पाय दुखायला लागल्यावर तो कसा वागतो ते मला बघायचं आहे. म्हणून ही सहल. बुकिंग यामिनीनं केलं. लाजत लाजत विचारत होती, "अहो आई, दोन खोल्या घेतल्यात, शेजारी-शेजारी. चालेल ना?" मी म्हटलं, शेजारी नसल्या तरी चालेल.

तुला हे आवडणार नाही. पण आई चोरून गेली, असं मला नंतर ऐकायचं नाही.

तुझी,
आई


व्हॅलेटा
१८ मे २०१६

प्रिय क्रांती,

काल पोचलो. विमान उतरताना खाली फक्त पिवळट दगड आणि निळं पाणी दिसत होतं. हिरवं म्हणून काही नाही. मे महिन्यातच गवत वाळून गेलेलं. पुस्तकातलं खरं निघालं.

विमानतळावरून बसनं आलो. इथली बस नुसतं थांब्यावर उभं राहून थांबत नाही, हात दाखवावा लागतो. जर्मनीत हात दाखवला तर ड्रायव्हर रागावतो. इथं मी नागपूरसारखा हात केला आणि बस थांबली. मला फार बरं वाटलं. बस शहराच्या वेशीबाहेर सोडते. तिथं मोठं बसस्थानक आहे. पुढं खोल खंदक, त्यावर पूल, आणि पुलापलीकडे शहर सुरू.

शहर लहान आहे. एका टोकाच्या वेशीपासून दुसऱ्या टोकाच्या किल्ल्यापर्यंत मी म्हातारी बाईसुद्धा सहज चालत जाते. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी लढवय्या सरदारांनी आधी नकाशा काढून मग हे बांधलं. त्यामुळे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. कुठल्याही चौकात उभं राहिलं की रस्त्याच्या टोकाला समुद्राचा तुकडा दिसतो. पण जमीन काही सरळ नाही. रस्ता खाली उतरतो, पुन्हा चढतो, आणि जिथं फारच उतार आहे तिथं सरळ पायऱ्याच केल्यात. दिनकररावांचा उजवा गुडघा दुखरा आहे. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "गयाबाई, हे शहर मी फोटोत बघितलं तेव्हा सपाट होतं हो."

घरांना लाकडी बंद गॅलऱ्या आहेत, हिरव्या, लाल, निळ्या. आतून बायका खाली बघत असतात. बाहेरच्याला त्या दिसत नाहीत, फक्त पडदा हलतो.

आणि तुझ्यासाठी एक गंमत. इथली भाषा अरबीच्या पोटातली, लिपी मात्र इंग्रजीची. रस्त्यावरच्या पाट्या मी अक्षरं जुळवून वाचत होते. वर्तमानपत्राच्या दुकानात एक शब्द दिसला. दुकानदारीणबाईंना इंग्रजीत विचारलं, याचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, "दिन्या. वर्ल्ड." मी म्हटलं, "आमच्याकडेही दुनियाच!" त्यांनी किताब, साबण असे शब्द काढले, मी आमचे सांगितले. दोघी हसत बसलो. त्यांनी मला वाटाणा भरलेली खारी दिली. गरम होती, आपल्या पॅटिससारखी, पण पापुद्रे जास्त.

आज सकाळी शहराच्या उंच बागेत गेलो. तिथून सगळं बंदर पायाखाली दिसतं. तटाच्या खालच्या अंगाला तोफा मांडून ठेवल्यात, दुपारी बाराला त्यातली एक डागतात. ती ऐकली. कबुतरं उडाली आणि एक बाळ रडायला लागलं.

बागेतून एक मोठी लिफ्ट थेट खाली धक्क्यावर जाते. तिथून छोटी बोट पलीकडच्या किनाऱ्यावर नेते. दुपारी मी त्या बोटीनं एकटीच पलीकडे गेले. एकटीच का, ते आत्ता विचारू नकोस.

तब्येत ठीक आहे. उन्हाचा रुमाल बांधते.

तुझी,
आई


व्हॅलेटा
१९ मे २०१६

प्रिय क्रांती,

कालचं पत्र टपालात टाकलं आणि परत येताना वाटलं, हे काय मी लिहिलं? बस, लिफ्ट, खारी. तुझ्याशी मी असं कधी बोलले नव्हते. तर आता काल काय झालं ते सांगते.

तोफ ऐकायला आम्ही कठड्याशी उभे होतो. दिनकररावांना उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांची खांद्यावरची पिशवी, पाण्याची बाटली आणि छत्री मी धरली होती. तोफ झाली, गर्दी पांगली, आणि मागून हाक आली, "अरे दिन्या! तू इथं?"

त्यांचे जुने सहकारी जयंत आणि त्यांच्या पत्नी वसुधाताई. पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर आलेले. पाठीवर थापा झाल्या, गुडघ्यांची चौकशी झाली. मग वसुधाताई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पुण्याच्याच का?"

"नाही, नागपूरची."

"अच्छा. आडनाव?"

"गजभिये."

"हो का," त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या पिशवीकडे, छत्रीकडे बघितलं आणि दिनकररावांना म्हणाल्या, "बरं केलंत हो सोबत बाई आणलीत ते. या वयात हाताशी कुणीतरी लागतंच. आमच्या सासूबाईंना सांभाळायला येतात त्याही तिकडच्याच. फार प्रेमळ असतात."

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, क्रांती. हेच तर वाईट. त्या अगदी गोड हसत बोलत होत्या.

मी दिनकररावांकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ते गॉगल पुसायला लागले. मग म्हणाले, "हो ना. म्हणजे आमचा एक ग्रुपच आलाय. निधीच्या ऑफिसमधल्या मुलाच्या आई आहेत या."

ग्रुप! मी मागं वळून बघितलं. माझ्यामागं एक दगडी खांब होता.

मी पिशवी, बाटली, छत्री बाकावर ठेवली. वसुधाताईंना म्हटलं, "मी शाळेत मुख्याध्यापिका होते. तुमचं चालू द्या, मी जरा पलीकडे जाऊन येते." आणि लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिले.

लिफ्टमधून खाली जाताना मला तुझा राग आला. त्यांचा नाही, तुझा. कारण त्यांनी जे विचारलं तेच तूही पहिल्यांदा विचारलं होतंस. बोटीत बसल्यावर तो राग उतरला. तू विचारलंस ते असं होईल या भीतीनं, आणि झालं ते तसंच. तू मुलगी असून माझी काळजी करत होतीस आणि मी तुला हट्टी म्हणत होते.

बोट लहान होती. शाळेतून घरी जाणारी मुलं, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आणि मी. पाणी इतकं हिरवं की तळ असेल असं वाटेना. पलीकडे उतरून मी धक्क्याच्या कडेनं चालत गेले. तिथंही तट, बुरूज, जुन्या गल्ल्या, पण माणसं कमी. कुणीतरी दारात खुर्ची टाकून मासळी साफ करत होतं. एका चर्चच्या सावलीत बसले. मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी आडनाव विचारत नव्हतं, आणि कुठल्याही माणसाशिवाय मी तिथपर्यंत आले होते. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली.

परतायला बस घेतली. आधी चुकीच्याच बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं पुढच्या थांब्यावर उतरवलं आणि हातानं दाखवलं, त्या बाजूनं, त्या बाजूनं. दुसरी बस सगळ्या बंदराला वळसा घालून आली. उन्हं कलायला लागली होती. वेशीबाहेरच्या बसस्थानकावर दिनकरराव उभे होते. बसायला बाकं होती, तरी उभे होते. प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन बघत होते.

मी उतरले. त्यांनी आधी मला नीट बघून घेतलं, पडले-बिडले तर नाही ना.

"खाल्लंत काही?"

"नाही."

"मीही नाही."

"तुम्ही गप्प बसलात," मी म्हटलं.

"हो."

"का?"

"घाबरलो. जयंत पुण्याला गेल्यावर सगळ्यांना सांगेल."

"काय सांगेल?"

ते पुन्हा गॉगल काढून पुसायला लागले. मी म्हटलं, "दिनकरराव, मी राजानंदबरोबर उभा संसार केला. भांडलो, अबोला धरला, सगळं केलं. पण चारचौघांत त्यांनी मला ओळख नाही दाखवली, असं एकदाही झालं नाही. मला त्याची सवय नाही आणि या वयात मी ती लावून घेणार नाही."

ते म्हणाले, "बरोबर आहे." बाजू मांडली नाही, माफी मागून मला गुंडाळायचा प्रयत्नही केला नाही. आम्ही पुलावरून आत आलो, एका टपरीवर खाल्लं आणि आपापल्या खोलीत गेलो.

सुयशला फोन करून उद्याचं तिकीट काढायला सांगावं असं सकाळी वाटलं होतं. केला नाही. शहर बघायचं अजून राहिलंय, आणि ते कुणामुळं सोडून जायचं?

तुझी,
आई


व्हॅलेटा
२१ मे २०१६

प्रिय क्रांती,

आज बुद्धपौर्णिमा. पहाटे उठून आंघोळ केली, खिडकीत लावायला पणती नव्हती म्हणून हॉटेलच्या बाईंकडून मेणबत्ती आणली. त्रिशरण-पंचशील म्हटलं. यामिनीचा फोन आला, तिनं खीर केली होती. तुझ्याकडे विहारात गर्दी असेल.

काल मी एकटीच हिंडले. किल्ल्यापर्यंत गेले, दुकानदारीणबाईंना भेटले. पावसाळा कशाला म्हणतात ते त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही फक्त हिवाळा म्हणतो." इतकं साधं होतं बघ. संध्याकाळी दिनकररावांनी दारावर टकटक केली. आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "उद्या सकाळी मी स्लीमाला जाणार आहे. जयंतचं हॉटेल तिथं आहे. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मी जाणार आहे."

स्लीमा म्हणजे शहराच्या दुसऱ्या अंगाच्या पाण्यापलीकडचं गाव. त्या बाजूला लिफ्ट नाही. बोटीपर्यंत नुसत्या उतरत्या पायऱ्या. आज सकाळी मी खिडकीतून बघितलं, तर ते भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली चालले होते. मी चप्पल घातली आणि गेले. हात दिला नाही. शेजारून चालले.

वसुधाताई आणि जयंत हॉटेलच्या व्हरांड्यात नाश्ता करत होते. दिनकरराव बसलेसुद्धा नाहीत.

"जयंत, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. ग्रुप वगैरे काही नाही. आम्ही दोघंच आलोय. या गयाबाई गजभिये. मी यांना लग्नाचं विचारलंय. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि त्या दिवशीच्या माझ्या वागण्यानंतर नाही म्हणाल्या तरी त्यांचं चूक नाही. पण तू पुण्यात सांगशील तेव्हा हे असं सांग."

जयंतराव हातात ब्रेड तसाच धरून बसले. "अरे, पण या वयात?"

"मग कधी?" दिनकरराव म्हणाले.

वसुधाताईंचा चेहरा लाल झाला. "अहो, मला वाटलं…"

"काय वाटलं ते मला तेव्हाच कळलं," मी म्हटलं. "ज्या तुमच्या सासूबाईंना सांभाळतात, त्यांचं नाव काय हो?"

त्या गडबडल्या. "मावशी… आम्ही मावशीच म्हणतो."

"घरी गेल्यावर विचारा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले. चहा घेतला. चहा वाईट होता.

परतताना बोटीत आम्ही बाहेरच्या फळीवर बसलो. समोर सगळं शहर, तट, घुमट, पिवळा दगड. दिनकररावांनी काही विचारलं नाही. मला तेही आवडलं. पायऱ्या चढताना मात्र त्यांना फारच कळ आली, तेव्हा मी हात पुढं केला. कुणी बघतंय का ते त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं. वरच्या गॅलरीतला एक पडदा हलला.

तू म्हणशील, आई, तीन दिवसांनी सुचलेलं शौर्य काय कामाचं? मीही स्वतःला तेच विचारते आहे. उद्या आम्ही परत जातोय.

तुझी,
आई


कार्ल्सरूहे
१२ जून २०१६

प्रिय क्रांती,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बागेत होते. तुझं नाव बघून हातातली पर्स खाली पडली. बोलणं नीट झालं नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसले. आता मला या लिहिण्याची सवयच लागली आहे.

तू म्हणालीस, "त्यांनी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं."

मी म्हटलं, "नकोच होतं."

"तीन दिवसांनी बोलले म्हणून तू माफ केलंस?"

"माफ नाही केलं. लक्षात ठेवलंय. बोलले तेही लक्षात ठेवलंय."

मला वाटलं, आता तू फोन ठेवशील. मग म्हणालीस, "बाबा असते तर त्यांनी त्या बाईंना काय सुनावलं असतं, आई!" आणि आपण दोघी हसलो. तीन वर्षांत त्यांच्या नावानं आपण एकत्र हसलो नव्हतो गं.

मी तुला विचारलं नाही, पण तू सांगितलंस, "मी अजून तयार नाही. पण नागपूरला कधी उतरतेस ते कळव. विमानतळावर मी येते." एवढं मला पुष्कळ आहे.

आता जे फोनवर राहिलं ते. काल मी दिनकररावांना हो म्हटलं. माझ्या अटी सांगितल्या. लग्न नागपूरच्या निबंधक कार्यालयात, सह्या करून. कुठल्याही बाजूचा विधी नाही. माझं नाव आहे तेच राहील. आणि राहायचं नागपूरला, आपल्या घरात. पुण्याला मी पाहुणी म्हणून येईन.

मला वाटलं होतं, नागपूर ऐकून कचरतील. ते म्हणाले, "तिथल्या उन्हाळ्याचे आकडे मी जन्मभर पुण्यात पंख्याखाली बसून वाचले. आता अंगावर घेतो." निधीला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ती आधी रडली, मग तिनं मला फोनवर बोलावलं आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं सांगायला लागली.

शेवटी मी सगळ्यात अवघड गोष्ट काढली. म्हटलं, "हॉलमध्ये बाबासाहेबांच्या शेजारी राजानंदचा फोटो आहे. तो तिथंच राहील."

"राहू दे की," ते म्हणाले. मग बाकावरचं पान उचलून बोटात फिरवत बसले. म्हणाले, "माझ्याकडे सुधाचा एक आहे. पुण्याच्या घरात तो एकटाच राहील. तो कुठं…?"

मी म्हटलं, "समोरची भिंत रिकामी आहे."

तर त्याचसाठी हे पत्र. ती भिंत तुला माहीत आहे, काँक्रीटची, खिळा ठोकला की वाकतो. तुझ्याकडे ड्रिल मशीन आहे. मी आल्यावर एखाद्या रविवारी घेऊन येशील का? जागा तू ठरव. फार वर नको. दोघांना एकमेकांकडे नीट बघता आलं पाहिजे.

तुझी,
आई